काकांची जपानी स्ट्रॅट: रीइश्यू, व्हिंटेज की डुप्लिकेट? नक्की कशाला काय म्हणायचं

खारवारा (वेंगुर्ला)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, काय चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आमचे थोरले काका शिपवर होते. ८३ की ८४ साली जपानात कोबेला बोट लागलेली असताना त्यांनी फेंडर कंपनीची एक स्ट्रॅट (स्ट्रॅटोकॅस्टर, इलेक्ट्रिक गिटार) घेतली. घरात गिटार कोणाला येत नव्हती आणि काकांना यायची म्हणजे जी, सी आणि डी हे तीन कॉर्ड, एवढंच, पण गणपतीत सगळे जमले की ते ती बाहेर काढायचे आणि अ‍ॅम्प नसल्यामुळे कोणाला काही ऐकू यायचं नाही. तरी वाजवायचे. मधली दोनतीन वर्षं मी कॉलेजला असताना माझ्याकडे होती, मग परत त्यांच्या माळ्यावर गेली. काका यंदा चैत्रात गेले. काकू म्हणाली तू वाजवतोस तर तूच ने, पण त्यांचा मुलगा म्हणजे माझा चुलतभाऊ दुबईला असतो, तो म्हणाला आधी किंमत काढू आणि मग काय ते ठरवू. त्याचंही बरोबर आहे.

आता घोळ इथे झाला. गोव्यातल्या एका दुकानात दाखवली तर तो म्हणाला ही डुप्लिकेट, ओरिजिनल अमेरिकेत बनते, तुमच्या हेडस्टॉकवर, म्हणजे वरच्या टोकावर, बारीक अक्षरात मेड इन जपान लिहिलंय बघा, २५ हजार देतो, आज देत असाल तर रोख. पुण्याचा मित्र म्हणतो डुप्लिकेट नाय, रीइश्यू आहे, पण रीइश्यू म्हणजे शेवटी नवीनच वस्तू, जुन्याचा भाव येणार नाही. आणि भावाने तिकडे कोणाला तरी फोटो पाठवले तो म्हणे व्हिंटेज, विकू नका. म्हणजे एकच गिटार आणि तिघांनी तिचं तीन वेळा बारसं केलं.

रंग सनबर्स्ट (मध्ये फिका, कडेला गडद), फिंगरबोर्ड (बोटं टेकवायची पट्टी) काळपट लाकडाचा, मागच्या चौकोनी प्लेटवर जेव्हीने सुरू होणारा नंबर. मला किंमत सांगू नका (सांगितलीत तरी चालेल), पण रीइश्यू म्हणजे नक्की काय असतं ते कोणीतरी नीट समजावा. जुन्या आकाराची काढली की झाली रीइश्यू का?

टेंबावरचा

४० वर्षं झाली म्हणजे व्हिंटेज. संपला विषय. २५ हजारात देऊ नको.

सोल्डर_आणि_सुकट (रत्नागिरी)

संपला कसा विषय, आत्ता तर सुरू झाला.

खारवारा, आधी त्या दुकानदाराचं बघू कारण तो एकतर अडाणी आहे किंवा फार हुशार आहे. २५ हजार रोख आणि आजच्या आज, म्हणजे मला दुसरंच वाटतं. जेव्ही हा नंबर फेंडर जपानच्या अगदी पहिल्या मालाचा, १९८२ ते ८४ मधला. लोक त्याचा अर्थ जपान व्हिंटेज असा लावतात. डुप्लिकेट तर ती अजिबात नाही, लोगो कंपनीच्या हक्काचा आहे.

आता जरा मागे जाऊ, त्याशिवाय रीइश्यू ही भानगड कळणार नाही. स्ट्रॅट आली १९५४ मध्ये. १९६५ च्या जानेवारीत लिओ फेंडरने कंपनी सीबीएस या मोठ्या अमेरिकन कंपनीला विकली आणि त्यानंतर हळूहळू एकेक गोष्ट बदलत गेली, हेडस्टॉक मोठा झाला, ७१ मध्ये नेक (दांडा) बॉडीला जोडणाऱ्या चार स्क्रूंचे तीन झाले, जाड पॉलिएस्टरचा थर आला. सत्तरच्या दशकात वाजवणारे लोक दुकानात नवी बघायचे आणि जुनी सेकंडहँड घेऊन यायचे. तिकडे जपानी कंपन्यांनी काय केलं, त्यांनी फेंडर जे बनवत होती त्याची नक्कल न करता फेंडर जे बनवायची बंद झाली होती त्याची नक्कल केली. टोकाई, ग्रेको वगैरे. आणि ती इतकी बारकाईने केली की ओरिजिनल कंपनीला घाम फुटला.

मग १९८२ मध्ये फेंडरने दोन गोष्टी एकदम केल्या. अमेरिकेत फुलर्टनच्या कारखान्यात व्हिंटेज मालिका काढली, ५७ आणि ६२ ची स्ट्रॅट, ५२ ची टेली (टेलिकास्टर, फेंडरचं दुसरं मॉडेल), शिवाय बेस गिटारी. गंमत म्हणजे त्यासाठी कंपनीला स्वतःच्याच जुन्या गिटारी बाजारातून विकत आणून मापं घ्यावी लागली, घरची रेसिपी घरातच हरवली होती. आणि दुसरी गोष्ट, जपानमध्ये कांडा शोकाई आणि यामानो गाक्की या दोन कंपन्यांना बरोबर घेऊन फेंडर जपान काढली आणि बनवायचं काम दिलं मात्सुमोतोच्या फुजीगेनला.

आता इथे नीट वाच. फुजीगेन त्याआधी काय बनवत होती? ग्रेको. कांडा शोकाईसाठीच. म्हणजे फेंडरच्या हुबेहूब कॉप्या. तोच कारखाना, जवळपास तेच कारागीर, तीच यंत्रं. ८१ साली त्यांच्या हातून निघालेली गिटार कॉपी आणि ८२ साली निघालेली रीइश्यू. लाकडात फरक शोधत बसलास तर वेडा होशील. फरक हक्काचा आहे.

म्हणून माझी व्याख्या सरळ आहे. ज्याच्या नावावर मूळ वस्तू आहे त्याने (किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्याने), स्वतः बनवायची सोडून दिलेली जुनी घडण, साल सांगून पुन्हा काढली तर ती रीइश्यू. साल सांगणं महत्त्वाचं. नुसता जुना आकार असेल तर स्ट्रॅट तर ५४ पासून बंदच पडलेली नाही, मग आज दुकानात टांगलेली प्रत्येक स्ट्रॅट रीइश्यू म्हणावी लागेल.

तुझ्या गिटारीच्या पिकगार्डचे (तारांखालच्या प्लास्टिकच्या पत्र्याचे) स्क्रू मोज आणि सांग. आणि ट्यूनरचा (तार पिळायच्या खुंट्यांचा) फोटो टाक.

काजूगर

ओ सोल्डरानु, इतक्या मोठा कित्याक लिवतास. हापूसाचा बघा. कलम बांधल्यान ता रीइश्यू. बाठो टाकून उगावला ता रायवळ. आणि कर्नाटकातसून इलेलो आंबो देवगडच्या पेटयेत घालून इकतत तो डुप्लिकेट. झाला.

सोल्डर_आणि_सुकट (रत्नागिरी)

काजूगर, डुप्लिकेटचं पटलं, पेटीवरचं नाव खोटं तो डुप्लिकेट. कलमाचं मात्र पटत नाही रे. कलम म्हणजे मूळ झाडाचीच फांदी, तोच जीव पुढे चाललेला. गिटारीत जुन्याचा एक चिपटा पण नव्यात जात नाही, फक्त माप जातं.

पायपेटी (कुडाळ)

मी गिटारवाला नाही, दशावतारात पेटी वाजवतो, पण विषय वाचून राहवलं नाही.

आमच्या मंडळाच्या पायपेटीचा भाता दोनदा बदललाय, पट्ट्या एकदा, खालचं पेडल गावातल्या सुताराने केलंय, वरची फळी एका नाटकात राक्षस बसल्यामुळे मोडली तीही नवी. तरी सगळे म्हणतात पेटी जुनी, कारण आतले सूर जुने आहेत. रीड गेले की मग आम्ही म्हणू पेटी गेली. तर तुमच्या गिटारीत सूर कुठे असतो, म्हणजे काय बदललं की ती गेली म्हणता?

आणि सोल्डरदादांच्या व्याख्येला सावंतवाडीच्या गंजिफाचं उदाहरण जास्त बसेल असं वाटतं. राजवाड्यात बसून चितारी अजून त्या जुन्या पद्धतीचे गोल पत्ते रंगवतात. मध्ये ही कला जवळजवळ संपली होती, राजघराण्यानेच ती परत उभी केली. पत्ता नवा, हात नवा, नमुना जुना आणि जागा तीच. त्याला कोणी जुना पत्ता म्हणत नाही आणि डुप्लिकेटही म्हणत नाही. तोच नमुना उद्या कोणी ऑफसेटला छापून बाजारात विकला तर काय म्हणाल, ती कॉपी. बरोबर ना?

सोल्डर_आणि_सुकट (रत्नागिरी)

पायपेटी, एकदम बरोबर, आता हे उदाहरण मी सगळीकडे माझं म्हणून सांगणार.

सुराच्या प्रश्नाला बाजाराचं उत्तर असं की बॉडी आणि नेक ही मूळची जोडी हवी, त्यावरचा रंग मूळचा हवा, मग पिकअप (तारांचा आवाज उचलणारी चुंबकं), मग बाकीचं. पुन्हा रंगवलेली असेल तर जुन्या गिटारीची किंमत साधारण निम्मी होते, मग रंग कितीही सुबक दिलेला असो. वाजवणाऱ्याचं उत्तर वेगळं, त्याला फ्रेट (बोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बदललेले असले तर उलट बरं वाटतं.

आरनाइन (पनवेल)

व्याख्या ऐकायला छान आहे पण गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीकडे आलात की फाटते.

लेस पॉल ५२ मध्ये आली, ५८ ते ६० सनबर्स्ट, त्या वेळी फार खपत नव्हत्या म्हणून ६१ मध्ये तो आकारच सोडून दिला आणि शिंगांवाली पातळ बॉडी आणली जिला आपण आज एसजी म्हणतो. १९६८ मध्ये लोकांनी मागणी केली म्हणून जुना आकार परत आणला. तर ६८ ची लेस पॉल रीइश्यू का? कंपनी तीच, बंद पडलेली वस्तू, पुन्हा काढली. पण साल सांगितलेलं नाही. गोल्डटॉप (सोनेरी रंगाची लेस पॉल) ५६ च्या जवळ जाणारी होती हे खरं, पण लेस पॉल कस्टम बघितलीत तर पन्नासच्या दशकात ती अख्खी महोगनीची असायची आणि ६८ ला वरती मेपल लावला. म्हणजे परत आणली पण जशीच्या तशी नाही. तुमच्या व्याख्येत ही कुठे बसवणार?

आणि दुसरं. सालाचं म्हणता तर ६२ म्हणजे कुठलं ६२? त्या वर्षाच्या मध्यावरच फेंडरने फिंगरबोर्ड बसवायची पद्धत बदलली, आधी सपाट जाड पट्टी चिकटवायचे, नंतर खालून गोलाई दिलेली पातळ. म्हणजे जून ६२ ची आणि डिसेंबर ६२ ची गिटार कापून बघितली तर वेगळी. रीइश्यूवर लिहिलेलं साल म्हणजे त्या सालातली एक कुठली तरी गिटार नसतेच, आसपासच्या चारपाच गिटारींचं काढलेलं सरासरी चित्र असतं.

तिसरं म्हणजे लाकूड. ६२ च्या फिंगरबोर्डला ब्राझिलियन रोझवूड असायचं. १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटीस या जागतिक कराराची (दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरचा) सगळ्यात कडक बंदी आहे. मग आत्ताच्या रीइश्यूवर जास्त करून कुठलं रोझवूड असतं? भारतीय. म्हणजे आपलं शिसव. मार्टिनने तर डी-२८ ला १९६९ मध्येच ब्राझिलियन सोडून भारतीय घेतलं होतं. तर आपल्या सह्याद्रीतल्या झाडाच्या जातीचं लाकूड तिकडे जाऊन अमेरिकन व्हिंटेज होऊन परत येतं आणि आपण त्यावर कस्टम ड्यूटी भरतो.

म्हणून मी म्हणतो रीइश्यू हा जाहिरातीचा शब्द आहे, त्याला व्याख्या नाही.

सोल्डर_आणि_सुकट (रत्नागिरी)

आरनाइन, मुद्दे तिन्ही खरे पण निष्कर्ष घाईचा.

६८ ची लेस पॉल माझ्या मते रीइश्यू नाही, ती वस्तू पुन्हा चालू केली एवढंच. बंद पडलेली एसटीची फेरी चार वर्षांनी सुरू झाली तर गाडी नवीन मॉडेलची आली म्हणून कोणी तक्रार करत नाही, फेरी सुरू झाली हे महत्त्वाचं. रीइश्यूमध्ये मागे वळून बघणं असतं. ६८ मध्ये गिब्सन पुढे बघत होती, जे खपेल ते करत होती. तुझ्या नावातली आरनाइन बघ, गिब्सनची ५९ च्या लेस पॉलची रीइश्यू, ती ५९ च्या मापाशी बांधलेली आहे, चुकली तर लोक मोजपट्टी घेऊन भांडतात. ६८ च्या गिटारीशी कोणी असं भांडत नाही, कारण तिने कुठलं वचनच दिलेलं नव्हतं.

सालाचं सरासरी चित्र असतं हे मान्य. पण त्यामुळेच आणखी एक प्रकार वेगळा काढता येतो. आत्ताच्या काही गिटारींच्या नावात साल नसतं, दशक असतं. फेंडरचीच मेक्सिकोत बनणारी व्हिंटेरा बघ, २०१९ ची. त्यात साठच्या दशकातली स्ट्रॅट होती आणि तिचीच मॉडिफाइड म्हणून दुसरी होती, जिचा बोर्ड जुन्या ७.२५ इंचाच्या गोलाईऐवजी ९.५ चा, म्हणजे जरा सपाट. वाजवायला सोपी, वरच्या फ्रेटवर तार ओढली तर आवाज मरत नाही. चांगलीच गिटार आहे, पण ती जुन्याचा वास लावलेली नवी गिटार. साल सांगितलं की रीइश्यू, दशक सांगितलं की आठवण. हे माझं हां, कंपनीचं नाही.

लाकडाचं उत्तर माझ्याकडे नाही. तिथे रीइश्यू हरते.

टेंबावरचा

मग ती घासूनपुसून जुनी केलेली विकतात ती काय? रेलिक.

सोल्डर_आणि_सुकट (रत्नागिरी)

ती रीइश्यूच, फक्त मेकअप केलेली. फेंडरच्या कस्टम शॉपने १९९५ मध्ये सुरू केलं. नंतर त्यात तीन पायऱ्या आल्या, एक अगदी कोरी, एक कपाटात पडून जुनी झाल्यासारखी, एक बारमध्ये वीस वर्षं वाजवल्यासारखी. आणि जास्त खराब केलेली जास्त महाग. आमच्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली मग आपल्या घरातलं सगळंच सामान महाग आहे.

पण कोकणात राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, तिकडच्या रेलिकवर रंगाला बारीक आडवे तडे दाखवतात. खरे तडे नायट्रोसेल्युलोज लॅकरला (जुन्या गिटारींवरच्या पातळ रंगाच्या थराला) जातात ते थंडीमुळे, गिटार बर्फातून आणून उबदार खोलीत एकदम केस उघडली की रंग आणि लाकूड वेगवेगळ्या वेगाने प्रसरण पावतात. आपल्याकडे थंडीच नाही, तडे जाणार कशाला. आपल्याकडे जुनी गिटार वेगळ्या पद्धतीने जुनी होते. खाऱ्या हवेने ब्रिजच्या (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाच्या) क्रोमला आधी फोड येतात, स्क्रूची डोकी तांबडी होतात, पिकअपचे लोहचुंबक गंजतात, पावसाळ्यात नेक वाकते. लॅकर असेल तर स्टँडच्या रबराला चिकटतं. म्हणजे मालवणात आयुष्यभर राहिलेली म्हणून कोणी तड्यांवाली गिटार विकायला आला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

खारवारा (वेंगुर्ला)

बापरे, एवढं वाचून झालं. सगळ्यांचे आभार.

स्क्रू मोजले, पिकगार्डला ११ आहेत, पांढरं-काळं-पांढरं असे तीन थर दिसतात. बोर्डावर मळकट पांढरे टिपके. पिकअप निवडायचा सिलेक्टर तीन खटक्यांचा आहे, मला वाटलं बिघडलाय म्हणून दोन जागांवर बसत नाही. काल रात्री धीर करून नेक पण काढली, चारपैकी एक स्क्रू गंजून बसला होता, खोबरेल तेल सोडून तासभर ठेवला तेव्हा फिरला. नेकच्या बुडाला पुसट शिक्का आहे, त्यातलं ८३ वाचता येतंय. आतल्या वायरी प्लास्टिकच्या आहेत. बॉडीला तडा एकही नाही, रंग काचेसारखा. क्रोम मात्र सगळं गेलंय, तुम्ही म्हणालात तस्सं.

आता एक कबुली. ट्यूनर ओरिजिनल नाहीत. मी कॉलेजला असताना तार सारखी उतरायची म्हणून मीच काढून नवे बसवले, मुंबईहून मागवलेले, आणि त्यांना जुनी भोकं बसेनात म्हणून मोठी केली. ड्रिल मशीनने. तेव्हा वाटलं केवढं शहाणपण केलं. जुने कुठे टाकले आठवत नाही. लिहितानाही हात थरथरतोय.

आरनाइन (पनवेल)

ड्रिल मशीनने 🙏

काजूगर

अरे माझ्या देवा. भावाक सांगितलंस?

सोल्डर_आणि_सुकट (रत्नागिरी)

असू दे, प्रत्येकाने तरुणपणी एक गिटार मारलेली असते. मी एका जुन्या कलकत्त्याच्या गिव्हसनला हंबकर (मोठा पिकअप) बसवायला पटाशीने खड्डा केला होता. (नवीन मंडळींसाठी: गिव्हसन ही कॉपी पण नव्हे आणि रीइश्यू पण नव्हे, नावात एक अक्षर वेगळं, बाकी पूर्ण देशी. आमच्या पिढीतले अर्धे लोक तिच्यावरच शिकले.)

आता तुझ्या माहितीवरून. ११ स्क्रू, तीन थर, रोझवूड बोर्ड, म्हणजे ६२ चं मॉडेल. ५७ असती तर बोर्ड मेपलचा, पिकगार्ड एका थराचं आणि स्क्रू आठ असते. स्विच बिघडलेला नाही, मूळ स्ट्रॅटला ७७ पर्यंत तीनच खटके होते आणि रीइश्यूने ते पाळलंय, तो बदलू नकोस (ड्रिल मशीन लांब ठेव). नेक काढलीसच आहे तर बुडाला फुलीसारखी खाच असलेला नट दिसेल, तो ट्रस रॉडचा, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचा. जुन्या पद्धतीत तो तिथेच असतो, म्हणून पावसाळ्यात नेक वाकली की दरवेळी खोलायची. ६२ वाल्यांनी हा ताप सहन केला म्हणून आपणही करायचा, हे रीइश्यूचं अध्यात्म.

जपानच्या बाजारात या मॉडेलच्या नावापुढे ६५, ८५, ११५ असे आकडे असत. तो सरळ किमतीचा आकडा, हजार येनमध्ये. ११५ वाल्याला अमेरिकन पिकअप आणि लॅकर. तुझ्या प्लास्टिकच्या वायरी आणि काचेसारखा जाड रंग बघता ती ६५ ची असावी असा अंदाज, पिकअपच्या खालच्या बाजूचा फोटो टाकलास तर आणखी सांगता येईल.

म्हणजे तुझ्या तिन्ही माणसांचं असं. दुकानदार चूक. पुण्याचा मित्र अर्धा बरोबर, रीइश्यू आहे पण नवीन नाही. दुबईवाल्याचा माणूस पण अर्धा बरोबर, ६२ ची व्हिंटेज नाही पण ८३ ची आहे. आज जेव्ही नंबरची गिटार लोक जेव्ही म्हणूनच शोधतात, ६२ च्या बदल्यात म्हणून नाही. आणि ट्यूनर बदलल्याने किंमत पडणार, भोकं मोठी केल्याने आणखी पडणार, तरी २५ हजार म्हणजे चेष्टा आहे.

आरनाइन (पनवेल)

म्हणजे उद्या कोणी ८३ च्या जेव्हीचीच रीइश्यू काढली तर ती रीइश्यूची रीइश्यू. फेंडर तिकडे जेव्ही नावाची मालिका परत आणून बसलीय, माहीत असेलच. घ्या आता व्याख्या.

सोल्डर_आणि_सुकट (रत्नागिरी)

ते बघून मी एक दिवस जेवलो नव्हतो.

खारवारा, जाता जाता एक. त्या काळातल्या या मॉडेलांच्या केसमध्ये बऱ्याचदा ब्रिजवर बसवायचं एक क्रोमचं झाकण मिळायचं. लंबट, डबीच्या झाकणासारखं, कडा आत वळलेल्या. हात ठेवायला अडचण होते म्हणून पन्नासच्या दशकापासून सगळे ते काढून ठेवतात आणि त्यात सिगरेट विझवतात, म्हणून त्याचं नावच अ‍ॅशट्रे पडलंय. केसच्या कप्प्यात बघ. जुने ट्यूनर पण तिथेच कुठेतरी असतील, लोक असल्या वस्तू फेकत नाहीत, डब्यात घालून विसरतात. मिळाले तर भोकांत बसवायला बारीक अ‍ॅडॅप्टर बुश मिळतात, काम होऊन जाईल.

पायपेटी (कुडाळ)

मी काय म्हणतो, विकणार आहात की वाजवणार आहात ते ठरलं का? यात ते कुठे आलंच नाही.

खारवारा (वेंगुर्ला)

पायपेटीदादा, भावाला फोन केला, ड्रिलचं पण सांगितलं. दोन मिनिटं काही बोलला नाही, मग म्हणाला बाबा म्हणाले होते मला, तू भोकं पाडलीस ते त्यांना माहीत होतं. मला कधी बोलले नाहीत. विकायचं सध्या राहिलं, तो मे महिन्यात येणार आहे तेव्हा बघू.

ट्यूनर मिळाले! काकांच्या शिपच्या ट्रंकेत, डालड्याच्या डब्यात, सहाच्या सहा, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. म्हणजे मी टाकले होते ते त्यांनी उचलून ठेवले असणार.

आणि झाकण पण मिळालं. केसमध्ये नव्हतं. सोल्डरदादांनी लंबट, कडा आत वळलेल्या वगैरे लिहिलं ते वाचताना मला वाटत होतं की हे मी रोज बघतो. देवघरात आहे. उदबत्तीची राख पडायला खाली ठेवलंय, म्हणजे अ‍ॅशट्रे हे नाव काही खोटं नाही. मी काकूला सगळं समजावून सांगितलं, जपान, ८३, कंपनी, ओरिजिनल पार्ट. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, दुसरं काहीतरी आणून दे मग ने, पण याच मापाचं आण, तिथे दुसरं बसत नाही.